मार्गळीत बोट घेत नाहीत

बोट घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या धाकट्या भावाला डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. उजव्या हाताने एकेक करून लावायचा. इडल्या वाफेवर ठेवून मी परत यावं तरी हा आपला तिसऱ्याच गुंडीवर. मी मदतीला हात पुढे केला की खेकसायचा, मग मीही खेकसायचे. आमचं बोलणं लहानपणापासून असंच. तो माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याला आंघोळ घालण्यापासून धपाटे घालण्यापर्यंत सगळं मीच केलं. लग्न त्याने केलं नाही, मीही नाही. कुंभकोणमला मेलकावेरीतल्या आमच्या घरात आता आम्ही दोघंच आहोत.

आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप एकेक करून बंद पडतात. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. ‘किती दिवस हातात आहेत?’ मी सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘सांगता येत नाही.’ मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. असलं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर बाकावर उभी केली असती. डॉक्टरांना काय करणार? नमस्कार करून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

आणि हा माणूस एका सकाळी कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची पसरट वाटी, पुढे ओढून म्हणतो, ‘अक्का, मी बोट घेतो.’

‘कसली बोट? कावेरीत पोरं क्रिकेट खेळतायत!’

खरंच खेळत होती. वैशाखात आमच्या नदीत वाळूच असते. पण त्याला कावेरी नको होती. बारा वर्षं तो परदेशात नोकरीला होता, तिथे शनिवार-रविवारी तळ्यावर जाऊन वेकबोर्डिंग करायचा. म्हणजे पाय फळीला बांधायचे, हातात दोर धरायचा आणि बोटीने तुम्हाला पाण्यावरून ओढत न्यायचं. मला फोटो पाठवायचा. मी फोटो बघून विचारायचे, ‘जेवतोस का नीट?’ पुढे त्याला दुसरा प्रकार जास्त आवडायला लागला, वेकसर्फिंग. त्यात पाय बांधत नाहीत. बोट हळू चालते, सायकलीपेक्षा जराशी वेगात, पण मागून इतकी जड केलेली असते की पाण्यात खड्डा पडतो आणि खड्ड्यामागे लाट उठते. ती लाट बोटीबरोबर चालत राहते. आधी दोर धरून फळीवर उभं राहायचं, लाटेवर जम बसला की दोर बोटीत टाकून द्यायचा. मग तुम्हाला कोणीच ओढत नाही.

‘तेच मज हवं अहे,’ तो म्हणाला. घरात आम्ही आमचं तंजावरी मराठीच बोलतो. ‘काय’ला ‘का’ म्हणतो म्हणून पुण्याकडचे पाहुणे हसतात, हसोत बापडे. ‘हात फक्त सुरुवातीला लागतात, अक्का. अर्धं मिनिट. पुढे सगळं पायांचं काम. पाय माझे अजून चांगले अहेत.’

मग डबरा बाजूला सारून म्हणाला, ‘एकदा. एकदा लाटेवर उभं राहून दोर सोडायचा अहे. मग का व्हायचं ते होवो.’

मी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, भाड्याने मिळत असेल की कुठेतरी. विकत कशाला घ्यायची? चेन्नईच्या पुढे समुद्रकाठी एका क्लबात तशी बोट होती. फोन केला, गेलो. तिथल्या माणसाने छापील फॉर्म पुढे केला. त्यात आजार लिहायचा रकाना होता. माझ्या या सत्यवान भावाने खरं ते लिहिलं. त्या माणसाने वाचलं, आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला की माफ करा, तुम्हाला आम्ही पाण्यात उतरवू शकत नाही. मी म्हटलं, अहो, जबाबदारी आमची, लिहून देते. तो म्हणाला, लिहून दिलं तरी नाही. परत येताना गाडीत सहा तास माझा भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला दोनदा केळं दिलं, दोनदा त्याने परत ठेवलं.

तर आपलीच बोट. चेन्नईतला त्याचा फ्लॅट त्याने विकायला काढला. ‘तो मज कशाला?’ म्हणाला. पाणीही मिळालं. कॉलेजातल्या एका मित्राचं खाडीकाठी छोटंसं रिसॉर्ट होतं, पाणी खोल होतं, परवाने त्याच्याकडे होते. मित्र म्हणाला, तू बोट आण, चालवायला मी आहे. आता राहिली फक्त बोट.

फक्त! साडी घ्यायला गेले तर मी अर्ध्या तासात बाहेर पडते. हा पठ्ठ्या दोन महिने लॅपटॉपवर बोटी बघत होता. उजव्या हाताची दोन बोटं हळूहळू चालवायची, आणि मी शेजारी शेंगा सोलत बसायचे. मध्येच एकदा पाँडिचेरीत कोणाची तरी जुनी बोट विकायला असल्याचं कळलं. आम्ही गेलो. छान पांढरी होती, मागे मोठं इंजिन लटकलेलं. मी तिच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करून बघितलं. आमच्या गावात पितळेचं भांडं असंच घेतात, आवाजावरून कळतं जाड आहे की पत्रा. आवाज चांगला आला. मी म्हटलं, घे. तो एवढा हसला!

‘अक्का, पंखा बघ कुठे अहे. मागे. सर्फिंग करणारा माणूस बोटीच्या मागे, हात दोन हात अंतरावर असतो. पडला तर सरळ पंख्यात.’

म्हणून आपल्याला हवी तिचं इंजिन आत असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली. पोटातच टाक्या असतात, त्यांत पाणी भरून बोट जड करतात. मागे दोन पत्र्याच्या झडपा असतात, त्यांनी लाट डावीकडे घ्यायची की उजवीकडे ते ठरवायचं. खारं पाणी असेल तर इंजिन थंड ठेवायची सोय वेगळी, नाहीतर वर्षात गंजून जायचं. हे सगळं मला त्याने शिकवलं. जन्मभर मी त्याला शिकवत आले होते. तेव्हा पहिल्यांदाच तो मला शिकवत होता, आणि मीही वही घेऊन लिहून घेत होते. खरं सांगायचं तर ते दोन महिने चांगले गेले. आजाराचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

शेवटी प्रश्न आला एकवीस फुटी घ्यायची की तेवीस फुटी. मोठीची लाट लांब, पण मित्राच्या धक्क्याला जागा कमी. मला काही डोळ्यांसमोर येईना. मग मी गच्चीवर रांगोळीने दोन्ही बोटी काढल्या. टेप लावून, कोनमापक घेऊन, अगदी मापात. नाक निमुळतं, मागची बाजू सरळ. तो एकवीस फुटीच्या मागे जाऊन उभा राहिला, गुडघे जरा वाकवून, डावा पाय पुढे. शेजारच्या घराच्या गच्चीवर आमची तमिळ शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, ‘काय चाललंय, मामी?’ मी म्हटलं, बोट घेतोय. ‘कुठे चालवणार? महामहम तलावात?’ आम्ही तिघंही हसलो. माझा भाऊ गुडघे वाकवून तसाच उभा होता. मी बघितलं, पाय घट्ट होते. एकवीस फुटी ठरली.

चेन्नईतल्या एका दुकानदाराकडे ती मिळाली. दुकान कसलं, मोठी शेड होती. दुसऱ्या कुणासाठी परदेशाहून मागवलेली, त्याने ऐनवेळी माघार घेतली, त्यामुळे समोर तयार उभी. निळा पट्टा, वर दोर बांधायची कमान, फळ्या ठेवायच्या खाचा, खाऱ्या पाण्याची सोय. माझ्या भावाने शिडीवरून वर चढून मागच्या बाकावर बूड टेकलं आणि मागे, जिथे लाट यायची तिथे, बघत राहिला. तिथे एक टेबलफॅन होता. खाली उतरला तेव्हा डोळे चमकत होते. मला म्हणाला, ‘हीच.’

दुकानदार म्हणाला, आज सही करा, दहा दिवसांत तुमच्या धक्क्याला पोचवतो. त्याने कागद पुढे केले, पेनाचं टोपण काढून दिलं. माझ्या भावाचा उजवा हात तेव्हा सही करत होता. अक्षर वेडंवाकडं, पण करत होता.

मी म्हटलं, ‘थांब. मार्गळी चालू आहे.’

याचं जरा सांगायला हवं. आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक तमिळ, रोज पान फाडायचं. एक मराठी पंचांग, पोस्टाने येतं. तीनशे वर्षं आमची माणसं इथे आहेत, तेव्हा सण दोन्हीकडचे करायचे आणि नाट दोन्हीकडचे पाळायचे. वडिलांचा नियम होता: दोन पंचांगांत जमत नसेल तर जे नाही म्हणतं त्याचं ऐकायचं. स्कूटर अशीच घेतली, घराचा वरचा मजला असाच बांधला, माझं एक ठरत आलेलं लग्नही असंच पुढे ढकललं आणि ढकलता ढकलता मोडलं. मार्गळी म्हणजे डिसेंबर मध्यापासून पोंगलपर्यंतचा, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा, महिना. देवाचा महिना, त्यात माणसाने आपलं नवं काही सुरू करायचं नाही. आणि मार्गळी लागून तेव्हा दोनच दिवस झाले होते.

‘पोंगल जालं की घेऊ,’ मी म्हटलं. ‘चार आठवडे. काय बिघडतं?’

‘अक्का.’

‘जिवाशी खेळ आहे म्हणूनच म्हणते. असल्या गोष्टीला अवेळी हात घालायचा नसतो.’

त्याने पेन हातात धरूनच विचारलं, ‘आपलं पंचांग का म्हणतं?’

आमच्या पंचांगात त्याच आठवड्यात वाहन खरेदीचा मुहूर्त होता. मी निघायच्या आधी बघितला होता, पेन्सिलीने गोलसुद्धा केला होता. म्हणजे वडिलांच्या नियमाने तरी थांबायलाच हवं होतं, खोटं बोलायची गरज नव्हती. पण मला माहीत होतं, एक जरी हो म्हणालं तर हा सही करणार. मी म्हटलं, ‘तेही नाहीच म्हणतं.’

मग त्याने पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला, ते जमेना, ते मी लावलं. ‘अक्का म्हणते तर पोंगलनंतर,’ असं तो दुकानदाराला तमिळमध्ये म्हणाला. दुकानदार तमिळच, मार्गळी म्हटल्यावर तो काय बोलणार? मान हलवली. बोट ठेवतो म्हणाला, पण शब्द देता येत नाही, गिऱ्हाईक आलं तर सांगता येत नाही. ‘कोणी नाही येत,’ मी म्हटलं, ‘एवढ्या मोठ्या डबड्याला गिऱ्हाईक काय रस्त्यावर पडलंय?’

पंचांगाचं खरं की खोटं ते मला माहीत नाही. माझं मला माहीत आहे. मी मार्गळीला घाबरले नव्हते, पाण्याला घाबरले होते. रिकाम्या शेडमध्ये त्याला त्या बाकावर बसलेला बघितला आणि तो पाण्यात पडलेला, हात हलत नाहीत, तोंड पाण्याखाली, असं मला दिसलं. चार आठवडे मिळाले तर चार आठवडे तरी तो कोरडा राहील, एवढाच हिशेब. भित्री आहे मी. शाळेत मुली मला वाघीण म्हणायच्या.

मार्गळीभर पहाटे उठून देवळात जात होते. पोंगलचा प्रसाद, म्हणजे तांदूळ-मूगडाळीची खिचडी, द्रोणात घेऊन यायचे, त्याच्यापुढे ठेवायचे. तो हातानेच खायचा, चमचा नको म्हणायचा, पण हात तोंडापर्यंत येईतो अर्धा खाली सांडलेला असायचा. त्या महिन्यात उजवा हात गेला म्हणजे गेलाच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः नंबर लावून त्याच्या कानाला फोन धरला. त्याने ऐकलं, ‘बरं’ म्हणाला. मी फोन ठेवला. तो म्हणाला, ‘गेली, अक्का. कोचीनच्या कोणीतरी नेली. आठवडा जाला.’

मी दुकानदाराला पुन्हा फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. शेड, बोट, त्याची सात पिढ्यांची दानत, सगळं काढलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘अम्मा, मी दहा दिवसांत देत होतो.’

नवी मागवायची तर परदेशात बांधून, जहाजाने येऊन, कस्टममधून सुटून सात महिने. मी म्हटलं, मागव. दुसरीकडे बघू या म्हणून तो पुन्हा लॅपटॉपसमोर बसला, आता बटणं मी दाबत होते, पण देशात तयार अशी एकही मिळाली नाही. जुन्या दोन होत्या, एकीचं इंजिन फुटलेलं, दुसरीचा मालक विकायला तयार होईना. शेवटी मागवली. सही अंगठ्याने. रंग विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘कुठलाही.’ त्या आधीच्या निळ्या पट्ट्यावर त्याने किती बोलणं केलं होतं!

पायांना जपायचं ठरवलं. एक जाड पाइप आणि त्यावर फळी ठेवून मधल्या खोलीत तो तोल सांभाळायचा सराव करायचा. मी मागे दोन्ही हात पसरून उभी. फेब्रुवारीत मिनिटभर उभा राहायचा. मार्चमध्ये डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायला लागली, त्याला कळायचंही नाही. चार पावलं पुढे गेल्यावर मी ओरडायचे, ‘चप्पल!’ एप्रिलात तो फळीवरून पडला आणि कपाट लागून भुवई फुटली. रक्त पुसता पुसता मी त्याला शिव्या देत होते. तो म्हणाला, ‘आता बास.’ फळी मी माळ्यावर टाकली, पाइप भंगारवाल्याला दिला.

त्याच आठवड्यात तो म्हणाला, ‘अक्का, त्या दिवशी आपल्या पंचांगात मुहूर्त होता.’

मी त्याची नखं कापत होते. कधी बघितलं, कसं बघितलं, विचारलं नाही. पंचांग खिळ्यालाच लटकत असतं आणि पेन्सिलीची खूण मी खोडली नव्हती. ‘हौ,’ मी म्हटलं. ‘होता.’

‘बरं,’ तो म्हणाला.

मला वाटलं ओरडेल. निदान तोंड फिरवेल. काही नाही. दुसरा हात पुढे करता येत नव्हता म्हणून तो मी उचलून माझ्या मांडीवर घेतला आणि त्याचीही नखं कापली.

बोट आली तेव्हा आडी हा तमिळ महिना संपायला चार दिवस होते. आडीतही नवं काही घेत नाहीत. मी तमिळ कॅलेंडराकडे बघितलंसुद्धा नाही, टॅक्सी सांगितली आणि त्याला घेऊन निघाले. चाकांची खुर्ची डिकीत. तो तेव्हा उभा राहू शकत नव्हता. बोलणं माझ्याशिवाय कुणाला समजत नव्हतं, आणि पातळ काही प्यायला दिलं की ठसका लागायचा. डॉक्टरांनी ताकीद दिली होती: छातीत पाणी गेलं, एकदा न्यूमोनिया झाला, की संपलं.

तरी गेलो, कारण बोट आली होती आणि तो जाऊ या म्हणाला होता.

मित्राने आणि त्याच्या दोन माणसांनी त्याला उचलून मागच्या बाकावर बसवलं, जॅकेट घातलं, पट्ट्याने बांधलं. मी शेजारी. जन्मात पहिल्यांदा बोटीत बसले होते, दोन्ही हातांनी कड धरून. खाडी मोठी होती, पलीकडे सुरूची झाडं, वारा नव्हता. मित्राने बटण दाबलं, टाक्यांत पाणी भरायला लागलं, बोट मागून खाली बसत गेली. मग इंजिन वाढवलं.

आणि मागे लाट उठली. मी इतके महिने तिच्याबद्दल ऐकलं होतं, वहीत आकृती काढली होती, पण अशी असेल असं वाटलं नव्हतं. कमरेइतकी उंच, गुळगुळीत, आमच्यामागोमाग येत होती आणि फुटत नव्हती. हात लांबवला तर पाणी बोटांना लागलं असतं. माझा भाऊ तिच्याकडे बघत होता. मान एका बाजूला कलली होती, ती मी सरळ धरली. कितीतरी वेळ मित्र बोट चालवत राहिला आणि लाट तशीच रिकामी येत राहिली.

मग भाऊ काहीतरी म्हणाला. मी कान तोंडाजवळ नेला.

‘मज पाण्यात सोड.’

मी मित्राला थांबायला सांगितलं. इंजिन बंद केल्यावर खाडी अगदी शांत झाली. मी मित्राला सांगितलं भाऊ काय म्हणतो ते. वाटलं, मित्र नाही म्हणेल आणि मी सुटेन. पण तो माझ्या भावाच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघत म्हणाला, ‘होईल, अक्का. जॅकेट आहे. मी आधी उतरतो, मागून काखेत हात घालून धरतो. डोकं माझ्या छातीवर राहील. पाच मिनिटं. पण तुम्ही हो म्हणा.’

दोघंही माझ्याकडे बघत होते. त्याचं तोंड जरा उघडं होतं, हनुवटीवर लाळ आली होती, आणि डोळे अगदी त्या शेडमधल्यासारखे. चेहऱ्यावर पाणी उडालं तर? घशात गेलं तर? पाच मिनिटांत काय होईल आणि काय नाही, मी सगळं मनात मांडून बघितलं. एवढं मला कळत होतं की हा आता जाणारच आहे, महिन्यांचा प्रश्न आहे, आणि पाण्याने गेला नाही तर दुसऱ्या कशाने जाईल. सगळं कळत होतं.

‘नोको,’ मी म्हटलं.

तो पुन्हा म्हणाला. तेच शब्द, जास्त हळू. ‘नोको रे, राजा,’ मी म्हटलं आणि पदराने त्याची हनुवटी पुसली.

मित्राने इंजिन चालू केलं. टाक्या रिकाम्या केल्या, म्हणून परत येताना मागे लाट नव्हती. धक्क्याला लागल्यावर त्याला उतरवताना मी ‘सांभाळून, सांभाळून’ ओरडत होते, आणि त्यांपैकी एक माणूस मला म्हणाला, ‘अम्मा, आम्ही सांभाळतोय.’

या गोष्टीला आता तीन महिने झाले. बोट मित्राकडे ताडपत्रीखाली आहे. माझा भाऊ पुढच्या खोलीत, खिडकीशी असतो. त्याचे डोळे मला कळतात, हो आणि नाही दोन्ही सांगता येतं, रागसुद्धा दाखवता येतो. पण तो रागावत नाही. त्या दिवसापासून त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. कूस बदलायची का, पाठ खाजवू का, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते का, सगळं मीच विचारते, तासातासाला, एकेक करून. तो हो म्हणतो.